ताडपत्रीची होडी

नाना,

घरात आत्ता मी एकटीच आहे. गच्चीवर होडी पालथी घालून ठेवली आहे आणि तिच्या रंगाचा वास जिन्यातून उतरून स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. उद्या रविवार. उद्या तुमची नात त्या होडीत बसून गंगापूर धरणाच्या पाण्यात जाणार आहे, आणि मला सकाळपासून भीती वाटते आहे. भाकरी करपली, दूध उतू गेलं, तुमचे जावई म्हणाले, "आज उपास धरला असतास तर बरं झालं असतं," आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण ह्या भीतीबद्दल बोलायचं तर तुमच्याशिवाय कोणाशी बोलू? ती तुमचीच आहे. घर भाड्याचं होतं, दुकान मालकाचं होतं, तुमच्याकडून माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच.

होडी म्हटल्यावर तुम्ही आधी मला वेड्यात काढलं असतं आणि मग ती कशी करतात ते विचारलं असतं. तर ऐका. हिला कयाक म्हणतात. एकच माणूस पाय लांब करून आत बसतं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतं. आधी लाकडाचा सांगाडा करायचा, खिळा न मारता, सगळे सांधे मेणाच्या दोऱ्याने बांधून. मग त्यावर कापड ताणून शिवायचं आणि रंगाचे हात द्यायचे. बर्फाच्या मुलखातले लोक म्हणे कापडाऐवजी कातडं शिवत. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये फक्त एक कापड, नाना. ट्रकवर असतं तसं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तुमचं द्वारकेच्या चौकाजवळचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान आठवलं.

ही हौस माझी नव्हे. तुमची नात कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर धरणावर जाते, वल्हवायला शिकते, हे मला शेजारणीकडून कळलं. घरी कळू दिलं नव्हतं तिने, आणि का दिलं नव्हतं ते मला लगेच समजलंच. ती आली, चप्पल काढायच्या आत मी ओरडले, "पुन्हा पाण्याजवळ दिसलीस तर तंगडं मोडून हातात देईन!" वाक्य तोंडातून गेलं तेव्हा कळलं, ते माझं नव्हतंच. मी पंधरा वर्षांची असताना सोमेश्वरच्या धबधब्यावरून परकराची ओली किनार घेऊन घरी आले होते, तेव्हा उंबऱ्यात उभं राहून तुम्ही हेच म्हणाला होता. "पान्याजवळ दिसली तर तंगडं मोडीन." आणि मग त्या दिवशी तुम्ही जेवलाही नाहीत. माझी पोर माझ्यासारखी रडली नाही. तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, तू घाबरतेस ते मला कळतं. पण ती भीती माझ्या डब्यात का भरून देतेस?" तुमचे जावई तेवढ्यात म्हणाले की पोरीने प्रश्न मात्र मुद्द्याचा विचारला, त्यावर मी त्यांनाच चार शब्द सुनावले.

ती थांबणार नव्हती. हट्टाच्या बाबतीत ती माझ्या आईवर गेली आहे, म्हणजे तिच्या आजीवर. मग मी माझ्यापुरता मार्ग काढला. माझी सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली हे तुम्हाला माहीत आहे. तयार झालेल्या मालातलं वाकडं, चिरलेलं, ढिलं शोधून बाजूला काढायचं, एवढंच मी आयुष्यभर केलं. दुसऱ्याने केलेल्या होडीवर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पोर पाण्यात जाणारच असेल तर जिच्या प्रत्येक टाक्यावर माझी नजर फिरली आहे अशा होडीतून जाईल, असं मी जाहीर केलं. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, वेळ भरपूर आहे. खरं सांगायचं तर मनात वाटत होतं की हे काम कधी पुरं व्हायचंच नाही.

तो पूर तुम्हाला सांगायला नको, पण मला तो पुन्हा मांडल्याशिवाय पुढे लिहिता येत नाही. मी आठ वर्षांची आहे. सकाळची वेळ. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओरडतंय, "मारुतीच्या छातीला लागलं!" आणि नाशकात नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणजे आपल्या गल्लीत काय होतं हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आई बोचकं घेऊन बायकांबरोबर पुढे चढावर गेली आहे. तुम्ही मागे राहिला आहात, कारण कोणा ट्रकवाल्याचं शिवायला आणलेलं कापड माळ्यावर चढवायचं आहे. तोवर मोरीतून आलेलं पाणी उंबरा ओलांडतं, आणि आपण बाहेर पडतो तेव्हा गल्लीत ते तुमच्या छातीला आहे. तुम्ही ताडपत्री आवळायची दोरी आधी स्वतःच्या कमरेला बांधता, मग तिचं दुसरं टोक माझ्या. मला खांद्यावर घेता. गल्लीच्या वळणावर तुमचा पाय उघड्या गटारात जातो आणि आपण दोघंही खाली जातो. वर काहीच नाही, खाली काहीच नाही, तोंडात चिखल. मग पोटाला एक हिसका बसतो. तुम्हाला विजेचा खांब सापडला आहे आणि तुम्ही मला दोरीने ओढून घेताय.

चढावर पोचल्यावरही तुम्ही दोरी सोडली नाहीत. भिजलेली गाठ आईने दातांनी सोडवली. सोडवता सोडवता ती तुम्हाला बोलत होती, आणि पुढे दर पावसाळ्यात ते बोलणं आमच्या घरात व्हायचंच: "तुमाला पवता येत नाय, आन पोरीला सोताला बांधून घेतली? तुमी गेले असते तर ती बी गेली असती! कोन करतं आसं?" तुम्ही कधी उत्तर दिलं नाही. पानाचा डबा उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात. मला वाटायचं, आईचंच बरोबर आहे. त्यानंतर तुम्ही मला नदीच्या बाजूच्या शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घातलंत, पुलावरून जाताना माझं मनगट इतकं घट्ट धरायचात की वळ उठायचा. अजूनही होळकर पुलावरून रिक्षा गेली की माझा डावा हात आपोआप उजवं मनगट धरतो.

तर सांगाडा. लांब पट्ट्या सागाच्या घेतल्या. बरगड्यांसाठी पेठकडून ओला बांबू मागवून त्याच्या कामट्या काढल्या. त्या वाकवायला वाफ लागते. प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी जोडली, नळीचं दुसरं टोक नळाच्या जाड पाइपात, पाइपात कामट्या. आठवडाभर स्वयंपाकघरात नुसती वाफ आणि ओल्या बांबूचा वास. तुमचे जावई दारात उभे राहून म्हणाले, "बांबूच्या कोवळ्या वास्त्यांची भाजी ऐकली होती, पण इतके निबर वास्ते पहिल्यांदाच शिजताना बघतोय." कामटी गरम असतानाच झटकन काढून वाकवायची, थांबलं की मोडते. त्या घाईत हात भाजले, पण त्या दिवसांत भीती कमी होती. हाताला काम असलं की ती थोडी मागे सरते. सांगाडा पुरा होऊन गच्चीवर एखाद्या मोठ्या माशाच्या काट्यासारखा दिसायला लागला, आणि भीती परत आली.

कापड मी हट्टाने सुतीच घेतलं, तुमच्या दुकानात यायचं तसलं जाड, गोणपाटासारखं वजनदार. शिवायला तुमचं दाभण काढलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्ही ते दाभण आणि तळहातावर चढवायचं ते काळं पडलेलं चामडं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतंत. मी म्हटलं होतं, नाना, विजेच्या बटणांच्या कारखान्यात हे कशाला? तुम्ही म्हणालात, "कारखान्यात काय लागंल ते देतील. पन सुई आपली आसावी." चामडं माझ्या हाताला मोठं होतं. आता नाही होत.

आणि इथे मी ती चूक केली जी तुमच्या मुलीने करायला नको होती. तपासणीतली बाई ना मी. कापडावर एक सुरकुती खपवून घेतली नाही. तुमच्या नातीला एका टोकाला उभं केलं, तुमच्या जावयांना दुसऱ्या, ओढ ओढ ओढून ढोलकीसारखं ताणून शिवलं. टिचकी मारली की वाजायचं. मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी कापड बसावं म्हणून त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि खाली येऊन चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत गच्चीवर कट् असा आवाज झाला. मग पुन्हा कट्. मी वर गेले तर कापड भिजून आवळलं होतं आणि आतल्या दोन बरगड्या मोडून त्यांची टोकं कापडाला आतून टोचत होती. मला ती होडी गच्चीवर दिसतच नव्हती. ती धरणाच्या मध्यावर दिसत होती, आत माझी पोर, आणि तो आवाज.

तुमच्या दुकानात खाली बसून मी किती वेळा ऐकलं होतं. नवीन कारागीर ताठ शिवायला लागला की तुम्ही त्याच्या हातातून काम काढून घ्यायचात. "ढील दे कापडाला. पावसात त्याला बी अंग आवळाया जागा लागती. आता ताठ शिवशील तर घाटात फाटंल." रोज ऐकलेलं होतं, म्हणूनच बहुधा विसरले. सगळी शिवण उसवली. रडत उसवली, खोटं कशाला सांगू. तुमच्या नातीने विचारलं, "आता सोडून द्यायचं का?" मला हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "नाहीतर मी भाड्याची प्लास्टिकची घेईन, काही हरकत नाही." मग काय करता? नव्या कामट्या वाकवल्या, आणि ह्या खेपेला दोन बोटं आत जातील इतकी ढील ठेवून शिवलं. फार गबाळं दिसत होतं. पाणी टाकलं तसं हळूहळू ते सांगाड्याला येऊन बसलं, मोडलं काही नाही. मी दुपारभर वर खुर्ची टाकून कान देऊन बसले होते.

मागच्या रविवारी जागा बघायला गेलो. धरणाच्या मागच्या अंगाला, जिथे पाणी शेतात शिरल्यासारखं पसरलं आहे, तिथे एक मासे धरणारा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडत होता. काठाला आल्यावर त्याने विचारलं, "काय बघता बाई?" मी सांगितलं, होडी आणायची आहे, घरी केलेली, कापडाची. तो जाळं हातातच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "कापडाची? आन बसनार कोन?"

"माझी मुलगी."

"पवती का?"

"छान पोहते. जाकीट पण आहे तिला."

"आन तुमी?"

"थोडं येतं."

"बाई, थोडं पवनं म्हंजे नाय पवनं." तो हसला, पण चेष्टेने नव्हे. मग म्हणाला, "रईवारी मी हायेच हितं. या बिनघोर." बिनघोर! त्या शब्दाने उलट माझा घोर वाढला. काठाजवळ पाणी उथळ आहे का विचारलं तर म्हणाला, मानूस चालत जाईल इतकं दूरवर उथळ हाय, पन पुढं एकाएकी नदीचं जुनं पात्र लागतं, तिथं ठाव नाय. तेव्हापासून मनात मी ती होडी रोज बुडवते. भांडी घासताना बुडवते, देवापुढे दिवा लावताना बुडवते. कधी शिवण उसवते, कधी वारा सुटतो, कधी काहीच होत नाही आणि ती तरी नाहीशी होते.

आज सकाळी शेवटचा टाका राहिला होता. मुद्दाम ठेवला होता. शेपटीकडे वरच्या अंगाला, जिथे पाणी लागत नाही, तिथे वीतभर शिवण मी उघडी सोडली होती, तुमच्या दुकानच्या रिवाजाप्रमाणे. नवीन ताडपत्री पुरी झाली की तुम्ही शेवटचा टाका कधी स्वतः ओढला नाहीत. ट्रक ड्रायव्हरला बोलवायचात, दाभण ओवून त्याच्या हातात द्यायचात. "कसाऱ्याच्या घाटात पावसात ह्याच्या भरवशावर तू जानार. वढ." मालक हसायचा, म्हणायचा, आता ह्याला तक्रार करायला तोंड राहिलं नाही. पण ड्रायव्हर हसायचे नाहीत. टाका ओढायचे आणि कापडाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे.

तर सकाळी मी दाभण ओवलं, चामडं हाताला चढवलं, आणि माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगते. मनात होतं की मीच ओढावा. मी ओढला म्हणजे होडी माझी, जाणार मी, आणि मी काही जाणार नाही, म्हणजे विषय मिटला. पोर समोर उकिडवी बसली होती. तिला रिवाज माहीत आहे, मीच लहानपणी गोष्टीसारखा सांगितला होता. तिने हात पुढे केला. मी दाभण धरूनच राहिले. तिने हात मागे घेतला नाही. गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडत होती. शेवटी मी म्हटलं, "ओढताना झटका देऊ नकोस, कापड कापतं," आणि दाभण तिच्या हातात दिलं. चामडंही दिलं. तिच्या हाताला ते मोठं झालं. तिने टाका ओढला, अगदी हळू, तुम्ही ओढायचात तितका हळू, गाठ मारली, आणि मग कापडावर हात टेकून तो कपाळाला लावला. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मीच विसरले? त्यानंतर ती आंघोळीला गेली आणि मी खाली येऊन भाकरी करपवली.

हा कागद कुठे जायचा नाही. तुमच्या दाभणाच्या फडक्यात गुंडाळून ठेवीन. पण ठेवायच्या आधी एक सांगते, जे ह्या घरात कोणाला ठाऊक नाही.

होडीच्या शेपटीला मी दोरी बांधली आहे. घरात सांगितलंय, होडी काठाला ओढून घ्यायला असू दे. दुसरं टोक कशाला बांधणार हे कोणी विचारलं नाही. ते माझ्या कमरेला असणार आहे, ओढणीखाली. बाजारात मिळाली तेवढी लांब दोरी आणली आहे. आहे तेवढी सगळी ढील देईन, ओढणार नाही, तसं मी मनाशी ठरवलंय. दोरी संपली की पोरीच्या मागे पाण्यात उतरेन. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग मारुतीसारखं कमरेपर्यंत. आणि उन्हाळ्यापासून मी पोहायला शिकते असं घरी सांगून तरणतलावावर जाते, पण तिथे मी पायरीवर बसते, पाय भिजवते आणि केस ओले करून घरी येते. मला पोहता येत नाही, नाना. थोडंसुद्धा येत नाही. आई तुम्हाला दर पावसाळ्यात विचारायची, कोन करतं आसं, आणि तुम्ही डबा उचलून ओट्यावर जायचात. उद्या कोणाला माझी दोरी दिसली आणि त्याने तेच विचारलं, तर माझ्याकडेही उत्तर नाही.